डब्याचा चौथा कोपरा

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी एक तरी लेख कामाच्या आठवणींचा असतो. तो लिहिणारी माणसं बँकेतून, रेल्वेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेली असतात. तीस-पस्तीस वर्षं काम करतात आणि मग लिहितात. माझं वय एकवीस. कामाला लागून अजून तीन वर्षं पुरी झालेली नाहीत आणि बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा अजून व्हायची आहे. तेव्हा या पानावर माझं नाव बघून कुणाला हा आगाऊपणा वाटला, तर त्यांचं काही चुकत नाही. मी आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लेख लिहिणारं तर आमच्या भावकीत कुणी नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात हे विचारायलाही कुणी नव्हतं.

अंकाचं काम बघणाऱ्या कुलकर्णी काकू आमच्या बेकरीतून पाव नेतात. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू आत नक्की काय करतोस?" मी म्हटलं, "साचे चुपडतो." त्या म्हणाल्या, "म्हणजे?" म्हणजे भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक साच्याला आतून तूप-तेल लावतो, कागदाचं अस्तर घालतो. भाजलेलं चिकटून बसू नये म्हणून. "इतकंच?" मी म्हटलं, इतकंच. काकू म्हणाल्या, "मग तेच लिही."

मी होकार दिला त्याला आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या हातून एका डब्याचा एक कोपरा चुपडायचा राहिला. तो डबा ज्या मुलीकडे जायचा होता, ती चार वर्षं आईशी बोलली नव्हती. डबा उघडल्यावर आतला केक धड निघाला की नाही, हे मला पाच महिने कळलं नाही. ते पाच महिने माझ्या डोक्यात बरंच काही साचलं. ते कुठेतरी सांगावं असं वाटतं.

माझे वडील गलाईचं काम करतात. आटपाडीकडची पुष्कळ माणसं देशभर हेच काम करतात. इकडे तमिळ मुलखात, टी. नगरमध्ये दागिन्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत वडिलांची छोटी भट्टी आहे. जुनं सोनं आणि पॉलिशची धूळ वितळवून ते शुद्ध सोनं वेगळं करतात. बारावी झाल्यावर मी आणि आई त्यांच्याकडे राहायला आलो. माझं कॉलेज दुसऱ्या पाळीचं, दुपारी दीडला भरतं. सकाळ मोकळी. मंडळाच्या गणपतीत वडिलांची सेतुरावांशी ओळख झाली आणि पुढच्या सोमवारी सकाळी सहाला मी बेकरीच्या मागच्या दारात उभा होतो.

इकडे हॉटेल असो की बेकरी, मुख्य कारागिराला मास्टर म्हणतात. सेतुराव आमचे मास्टर. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलतात, पण ती मराठी पोथीतली वाटते आणि हेल तमिळ. पहिले पंधरा दिवस मला निम्मंच कळायचं. माझी माणदेशी त्यांना कितपत कळायची, देव जाणे. इथे त्यांचं बोलणं मी माझ्या लक्षात राहिलं तसं, थोडं सोपं करून लिहितो आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पावाचे दोन साचे ठेवले. एक नवा, आरशासारखा चकचकीत. दुसरा काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा. विचारलं, कुठला चांगला? मी नव्याकडे बोट दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हात लावून पाहा. डोळ्यांनी नको."

मी काळ्या साच्यात बोट फिरवलं. काळेपणा बोटाला लागला नाही. आतला पृष्ठभाग इतका गुळगुळीत होता की मला देवळातल्या पायरीची आठवण झाली. तो साचा माझ्या जन्माच्या आधीपासून रोज भट्टीत जातो आहे. नवा साचा आधी एकदा स्वच्छ धुतात, कोरडा करतात, त्याला तेलाचा अगदी पातळ हात देतात आणि रिकामाच भाजतात. मग पुन्हा तेल, पुन्हा भट्टी. चार-पाच वेळा झालं की तो आधी पिवळट होतो, मग तपकिरी. काळा व्हायला वर्षं जातात. एकदा तो तसा झाला की साबण बंद. गरम असतानाच कोरड्या फडक्यानं पुसायचा. मास्टर त्या काळ्या थराला कातडी म्हणतात. "साच्याची कातडी काढूं नको," हे मी त्यांच्याकडून पहिल्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की घरी आईनं तवा घासायला घेतला तेव्हा मी तिचा हात धरला.

पुढे कॉलेजात मी आमच्या सरांना हे विचारलं. तेल तापलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची साखळी बनते आणि ती धातूला घट्ट धरून बसते, असं सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. मास्टर सातवी शिकलेत. सरांच्या फळ्यावर जे होतं ते मास्टरांच्या बोटांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. मी वहीत ती साखळी उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मास्टरांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि वही फार जपून, दोन्ही हातांनी परत दिली.

साच्याला लावायचं ते साधं तूपही नसतं आणि लोणी तर नाहीच. लोण्यात पाणी असतं, दुधाचा अंश असतो. पाणी उडून जातं, दुधाचा अंश करपतो आणि नेमका तोच चिकटतो. आम्ही वनस्पती तूप, तेल आणि मैदा एकत्र फेसून पांढरं मलम करतो. सपाट भागाला फडक्याचा बोळा, काठांना ब्रश आणि कोपऱ्यांना फक्त बोट. कोपऱ्यात ब्रशचे केस वाकतात, बोटाचं टोक मात्र आत जातं. नख आखूड ठेवावं लागतं.

कागदाचं अस्तर ही वेगळीच विद्या. गोल साच्यासाठी मास्टर बटर पेपरचा चौकोन घेतात, पंख्यासारखी घडी घालतात, घडीचं टोक साच्याच्या मध्यावर धरून कडेशी कात्री चालवतात आणि उलगडतात. बरोबर गोल. मोजत नाहीत, आखत नाहीत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कागदाचं फूल तयार झालं. मास्टर म्हणाले, "चांगलं आहे. देवघरांत लाव."

वडिलांना हे सगळं मी घरी सांगायचो. मला वाटायचं, त्यांना त्याचं काय. एकदा जेवताना ते म्हणाले, "आमी तरी काय करतो? साच्याला तेल लावल्याबिगर सोनं बी सुटत न्हाई." मी दोन वर्षं त्यांच्या भट्टीशेजारच्या खोलीत अभ्यास करत होतो, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. वितळलेलं सोनं ओतायच्या आधी त्यांनी लोखंडी साच्यात तेलाचा बोळा फिरवला. कोपऱ्यात मात्र बोट.

आता मास्टरांची एक गोष्ट सांगतो. ती कळली तेव्हा माझे हात थांबले होते.

मास्टरांच्या घरचं सोवळं कडक. अंडं ते हातानं फोडतात, दिवसाला शेकडो फोडत असतील, पण त्यांनी आयुष्यात कधी खाल्लेलं नाही. काम संपवून घरी गेले की त्यांच्या पत्नी, आमच्या मामी, त्यांना आजही मागच्या दारानं न्हाणीघरात पाठवतात आणि अंघोळ झाल्यावरच स्वयंपाकघरात घेतात. म्हणजे गेली चाळीस वर्षं ज्या माणसाच्या केकसाठी ख्रिसमसला आमच्या दारात रांग लागते, त्यानं स्वतःच्या केकचा एक कणही चाखलेला नाही.

मी विचारलं, "मग बरा झालाय की नाही हे तुम्हाला कळतं कसं?"

त्यांनी नुकताच केक काढलेला एक रिकामा साचा उचलला आणि दाराच्या उजेडाकडे तिरका धरला. बुडाशी तपकिरी भुगा होता, एका बाजूला जास्त. म्हणाले, इकडची आंच अधिक झाली. साखर किंचित पुढे गेली आहे. आणि हे इथे बारीक छिद्रांची खूण दिसते, म्हणजे मिश्रण फार वेळ फेसलं. असं ते एक-एक सांगत गेले. केक तिकडे दुकानात गेला होता. त्याच्याबद्दलचं सगळं या रिकाम्या साच्यात होतं आणि मास्टर तो साचा वाचत होते. त्या दिवसापासून प्रत्येक केक निघाला की मी साचा त्यांच्या हातात देतो आणि बाजूला उभा राहतो. दोन वर्षांत मला त्यातली चार-पाच अक्षरं लागायला लागली आहेत, जास्त नाही.

चुकाही पुष्कळ केल्या. सर्वांत मोठी स्पंजची. मला वाटलं होतं, चुपडणं चांगलं, तर जास्त चुपडणं जास्त चांगलं. स्पंजचे सहा साचे मी काठापर्यंत छान माखून ठेवले. केक भट्टीत फुगले आणि बाहेर काढल्यावर मधोमध खाली बसले. मास्टरांनी सांगितलं, स्पंजच्या साच्याला फक्त बुडाशी कागद घालायचा, कडा कोरड्या ठेवायच्या. पीठ हलकं असतं, ते कडेला धरून वर चढतं. "सगळीकडे तूं घसरण केलीस. त्यानें धरायचं कुठे?" मुदलाळींना, म्हणजे आमच्या मालकांना, ते फक्त इतकंच म्हणाले की आज स्पंज नाही. माझं नाव घेतलं नाही.

गिऱ्हाइकंही न्यारी असतात. एका रविवारी आयटी कंपन्यांच्या सिरुसेरीहून एक जोडपं स्कूटरवर आलं. दोघंही पुण्याकडची, सॉफ्टवेअरवाली. मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला केकचा साचा, तोही पालथा. तिचा वाढदिवस होता. नवऱ्यानं व्हिडिओ बघून आयुष्यातला पहिला केक केला होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता. तो सुरी घालायला निघाला होता, पण तिनं घालू दिली नाही. त्यांना बहुतेक वाटलं असावं की इथे कुणाला आपलं बोलणं कळणार नाही. दोघांचं माझ्यासमोरच चाललं होतं.

"तूप लावलं होतंस ना?"

"लावलं होतं गं."

"किती?"

"चवीपुरतं."

मला हसू आवरेना. तेव्हा मास्टर आतून मराठीत म्हणाले, "इकडे आणा. आणि आतां भांडूं नका, केकला ऐकूं जातं." दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मास्टरांनी फडकं उकळत्या पाण्यात बुडवून पिळलं, ओट्यावर घडी केली आणि साचा त्यावर सरळ बसवला. पाच मिनिटं कुणी काही करायचं नाही. मग त्यांनी साचा ताटलीवर पालथा केला, बुडावर दोन बोटांनी ठोकलं. फक असा एक आवाज आला. केक अख्खा ताटलीत. बायकोनं दोन्ही हात गालांवर ठेवले. नवऱ्याला केकपेक्षा त्या आवाजाचं जास्त अप्रूप वाटलं असावं. त्यानं विचारलं, पुन्हा एकदा करून दाखवता का. बायको म्हणाली, "आता चिकटवायला पुन्हा तूच कर."

तो आवाज मला अजून रोज नवा वाटतो. भट्टीतून काहीही आलं की मी साचा पालथा करतो आणि श्वास धरतो.

आता तो डबा.

स्टेला अक्का कोवलमच्या, म्हणजे इथल्याच शहराबाहेरच्या कोळ्यांच्या गावच्या. समुद्रावरून मासळी घेऊन विकायचं काम. त्यांचे यजमान आणि धाकटा मुलगा होडीवर जातात. दर ख्रिसमसला त्या बस बदलत टी. नगरला येतात आणि मास्टरांकडून प्लम केक नेतात. मास्टरांना त्या रायर म्हणतात, इकडे मराठी माणसांना जुने लोक तसंच म्हणतात. गेल्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता त्या आल्या त्या हातात एक चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन. कधीकाळी बिस्किटांचा असावा, बाहेरचा रंग पार उडालेला. त्यांना केक या डब्यातच भाजून हवा होता. काढायचा नाही, डब्यासकट द्यायचा. कोवलमची एक नर्स डिसेंबरात आयर्लंडला परत जाणार होती, तिच्याबरोबर पाठवायचा होता. त्यांची मुलगी सहाया तिकडेच दुसऱ्या गावात नर्स होती.

मास्टरांनी डबा उलटसुलट केला. शिवण दुमडीची आहे, कथिलाचा डाग दिलेला नाही, तेव्हा भट्टीत चालेल, म्हणाले. पण आतून कोरा पत्रा आहे, याला कातडी नाही. त्यापेक्षा माझ्या साच्यात करतो, मग या डब्यात घालून देतो.

अक्का नाही म्हणाल्या. मग त्यांनी ओट्याला टेकून जे सांगितलं ते मास्टरांना माहीत नव्हतं. मला तर काहीच माहीत नव्हतं. सहायानं नर्सिंग पुरं केलं तेव्हा अक्कांनी तिच्यासाठी गावातच स्थळ पाहिलं होतं. तिला परदेशी जायचं होतं. अक्कांनी तिचा पासपोर्ट लपवला. याच डब्यात, घराच्या कागदांखाली. मुलगी महिनाभर शोधत होती आणि अक्का तिच्याबरोबर शोधल्यासारखं करत होत्या. शेवटी तिला तो सापडला.  तिनं डबा रिकामा करून दाराच्या आत, पायपुसण्यावर ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून फोन येतो तो भावाला. आईनं घेतला की तिकडून बंद होतो.

"मी लिहून काय पाठवू?" अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "तिला डबा कळेल. उघडला तर उघडला."

मास्टरांनी डबा ठेवून घेतला. दोन दिवस त्याला तेल पाजून रिकामा भाजला. तिसऱ्या दिवशी, अक्का समोर स्टुलावर बसलेल्या असताना, तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तूं कर." त्यांनी स्वतः न करता तो मला का दिला, हे मी अजून विचारलेलं नाही.

लांबच्या प्रवासाच्या प्लम केकचं अस्तर जाड असतं. बाहेरून तपकिरी कागदाचे दोन थर, आतून बटर पेपर. चौकोनी डब्यात कागदाला कोपऱ्यांवर काप द्यावाच लागतो, नाहीतर तो बसत नाही. त्या कापातून पीठ आत शिरतं आणि पत्र्याला भेटतं. म्हणून कोपऱ्यांत आधी बोटानं मलमाचा चांगला जाड थर दाबायचा, मग कागद. डब्याची शिवणही एका कोपऱ्यातच होती.

त्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी घड्याळाकडे बघत होतो, हे कबूल करतो. एक कोपरा केला, दुसरा केला, तिसरा केला. तेवढ्यात अक्कांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. त्यावर सहायाचा पत्ता इंग्रजीत लिहिला होता, तो बरोबर आहे का ते त्यांना वाचून हवं होतं. मी हात पुसला, वाचून दाखवलं. आयर्लंडच्या त्या गावाचं नाव त्यांनी माझ्यामागून दोनदा म्हटलं. परत येऊन मी कागद उचलला आणि बसवला. मास्टरांनी मिश्रण ओतलं. दोन महिने रममध्ये मुरलेलं फळ, तेही त्यांनी कधी न चाखलेलं. मी धावत बस पकडली.

बसमध्ये दांडा धरून उभा असताना माझ्या बोटाला आठवलं. मनात पुन्हा सगळं करून पाहिलं. एक, दोन, तीन, चिठ्ठी, कागद. शिवणीचा कोपरा राहिला होता. डबा तेव्हा भट्टीत जाऊन अर्धा तास झाला असेल. मी फोन काढला आणि परत ठेवला. परीक्षेत काय लिहिलं, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का गार झालेला डबा न्यायला आल्या. मास्टरांनी झाकण बसवून कडेनं चिकटपट्टी फिरवली. देताना म्हणाले, मुलीला सांगा, केक संपला की रिकाम्या डब्याचा फोटो पाठव. अक्का हसल्या. लोक केकचा फोटो मागतात, तुम्ही डब्याचा मागता.  फोटो आला असता तर माझा कोपरा दिसला असता. नसता आला तर त्याहून वाईट.

डबा तिच्यापर्यंत ख्रिसमसच्या आधी पोचला. हे त्या नर्सकडून कळलं. सहायानं तो दारातच घेतला, बराच वेळ हातात धरून उभी राहिली, आणि उघडला नाही. पुढे काही नाही. पोंगल झाला, काही नाही. अक्का महिन्यातून एकदा काहीतरी निमित्त काढून येत, रस्क घेत, आणि मास्टर विचारायच्या आधीच मान हलवत. दर वेळी त्या आल्या की मी आतल्या खोलीत साच्यांची चळत उगाच पुन्हा लावत बसे. मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. तिनं तो उघडला नसेल, ही एक. आणि उघडला असेल, केक तुटून निघाला असेल, आणि तिला वाटलं असेल की आईनं हेही धड पाठवलं नाही, ही दुसरी.

मार्चमध्ये मला राहवेना. साचे पुसता पुसता मी म्हटलं, "मास्टर, त्या डब्याच्या एका कोपऱ्यात मी बोट फिरवलं नव्हतं."

ते पुसत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे."

मिश्रण अर्धं ओतून झालं तेव्हा त्यांना दिसलं होतं. तीन कापांतून मलम वर चमकत होतं, चौथा काप कोरडा. मी विचारलं, मग थांबला का नाहीत? त्यांनी हातातला साचा पुसून चळतीवर ठेवला. मला वाटलं, रागावले. मग सांगितलं की फळ दोन महिन्यांचं होतं, दुसरं तयार नव्हतं. डबा परत रिकामा करून पुसायला दुपार झाली असती. आणि समोर अक्का बसली होती, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओतत राहिलो.

"तुझी चूक घाईची, तंबी. माझी तर पाहून केलेली."

इकडे लहान भावाला तंबी म्हणतात. मास्टर साऱ्या जगाला तंबी म्हणतात, पण त्या दिवशी त्यांनी ते जसं म्हटलं तसं मी आधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या कारागिरानं माझ्या चुकीशेजारी स्वतःची चूक आणून ठेवली. मला त्याहून मोठं काही कुणी अजून शिकवलेलं नाही. कॉलेजातही नाही.

मे महिन्यात माझी सेमिस्टरची परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. रस्क मागितले नाहीत. ओट्याशी येऊन फोन मास्टरांपुढे धरला. 

मास्टरांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि फोन घेऊन दारापाशी गेले. फोनला उजेड लागत नाही हे त्यांना माहीत आहे, पण सवय. मी मागे उभा राहिलो. फोटो डब्याचा होता. रिकामा, आतून. मास्टर वाचायला लागले. बूड साफ, कागद छान सुटला आहे. आंच बरोबर. हा कोपरा साफ, हा साफ, हा साफ. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि मोठं करायला सांगितलं. शिवणीच्या कोपऱ्यात काळपट डाग होता, आणि त्या डागावर बारीक, जवळजवळ, एकाच दिशेनं ओढलेल्या रेघा. पत्रा उघडा पडेपर्यंत ओढलेल्या.

"इथे धरलं होतं," मास्टर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ह्या रेघा चमच्याच्या आहेत. सुरीच्या नव्हेत." आणि चष्मा काढून, "पुढच्या वेळेस आधी कोपरे, मग बूड. चिठ्ठ्या नंतर वाच."

मी हो म्हटलं. अक्कांना मराठी कळत नाही. त्यांना वाटलं आम्ही केकबद्दल काही वाईट बोलतो आहोत. त्या घाईघाईनं सांगू लागल्या की फोटो त्यांनी मागितला नव्हता. मागणार कसा, बोलणंच नव्हतं. मास्टरांचा निरोप त्यांनी तिच्या भावाकडेही दिला नव्हता. फोटो तिनं आपणहून पाठवला, तोही नंतर. आधी तिचा फोन आला. ईस्टर होऊन महिना झाला होता, घरी कुणी नव्हतं, अक्का अंगणात मासे साफ करत होत्या आणि फोनवर लांबलचक नंबर आला. ओल्या हातांनी घेतला. बंद होईल म्हणून त्या काही बोलल्याच नाहीत. तिकडून आधी नुसता पत्र्यावर खरडल्याचा आवाज येत होता. मग चार वर्षांनी मुलीचा आवाज आला, ना नमस्कार ना चौकशी, लहानपणी तक्रार करायची तसा.

"अम्मा, याचा एक कोपरा चिकटलाय. चमच्यानं काढून खातेय. थांब, फोन ठेवू नको, अजून थोडा उरलाय."